तळाला लागलेली चिचा

सातुर्निना सुरिता हे नाव फक्त चर्चच्या वहीत होतं. गावात ती सातुका. तिच्या घरासमोर, रस्ता ओलांडला की माझी पावाची भट्टी. चाळीस वर्षं सकाळी भट्टीचं दार उघडलं की पहिलं दिसायचं ते तिच्या दारावरच्या काठीला बांधलेलं पांढरं फडकं. फडकं वर असलं की चिचा, म्हणजे आमची मक्याची दारू, तयार आहे, उतरलं की संपली. आमच्या खोऱ्यात एवढं वाचता आलं तरी माणसाचं भागतं.

तशी चिचा घरोघर करतात. मक्याला मोड आणायचे, वाळवून दळायचा, तांब्याच्या हंड्यात दिवसभर ढवळत उकळायचा, गाळायचा आणि मातीच्या रांजणात आंबू द्यायचा. यात गुपित असं काही नाही. पण सातुकाच्या चिचेला एक गोष्ट होती आणि ती चुकून झालेली होती. थोरली मुलगी एल्बिरा जन्मली त्या दिवशी सातुका हंड्यापाशीच उभी होती. कळा सुरू झाल्या, ढवळायचं राहिलं, रस तळाला लागला. तिचा नवरा अनाक्लेतो म्हणाला, फेकून देऊ. सातुका बाळंतिणीच्या खाटेवरून ओरडली, "सहा पोती मका तुझा बाप आणून देणार आहे का? ओत रांजणात!" पंधरा दिवसांनी ती चिचा प्यायला पार आरानी गावाहून माणसं आली.

तेव्हापासून ती दर वेळी शेवटी ढवळणं थांबवायची आणि हात जोडून तीन वेळा "आमच्या बापा" ही प्रार्थना म्हणायची. तेवढ्या वेळात तळाला नखभर लागायचं. मग पुन्हा ढवळायला घ्यायची. करपट म्हणावं तर नाही. पण घोट गिळल्यावर जिभेच्या मागे काहीतरी भाजल्यासारखं राहायचं आणि माणूस दुसरी तुतुमा मागायचा. तुतुमा म्हणजे वाळवलेल्या भोपळ्याची वाटी. तिच्या घरात काचेचा पेला दाखवायलासुद्धा नव्हता. एल्बिराच्या नामकरणाला धर्मपिता मी होतो, म्हणून सातुका मला कोम्पाद्रे म्हणायची आणि मी तिला कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाबहिणीपेक्षा जड धरतात. भांडण झालं तरी बोलणं टाकता येत नाही.

आता अनाक्लेतो. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. लाकडं तो फोडायचा, पाणी तो भरायचा, रांजण तो धुवायचा. दिवसभर सातुकाचं चालू, "अनाक्लेतो, जाळ कमी कर. अनाक्लेतो, जाळ वाढव. अनाक्लेतो, तिथे उभा राहून काय बघतोस, गाळणं धर." आणि संध्याकाळचे पाच वाजले की हा हात धुवायचा, हॅट घालायचा आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला लेओकादिया मोन्तान्यो हिच्या गुत्त्यावर जाऊन बसायचा. साऱ्या खोऱ्यात नाव असलेल्या बाईचा नवरा, तिच्याच दारावरून, तिच्याच गिऱ्हाइकांसमोरून चालत दुसरीकडे प्यायला जायचा.

त्याला विचारलं तर म्हणायचा, "घरी मी गडी आहे. तिथे मला कुणीतरी बसा म्हणतं." मला ते पटत असे. मीही लग्न झालेला माणूस आहे.

सुरुवातीला तो जाऊन यायचा आणि गप्प झोपायचा, त्यामुळे सातुकाने फारसं मनावर घेतलं नाही. पण एका नाताळाच्या आसपास त्याला वाचा फुटली. घरी येऊन हॅट खुंटीला लावता लावता म्हणाला, "लेओकादियाची चिचा आज काय उतरली होती!" पुढे हे रोजचं झालं. गावाला तेवढंच हवं होतं. सातुकाच्या ओट्यावर बसून, तिचीच चिचा पीत लोक विचारायचे, "काय गं सातुका, नवऱ्याला तुझ्या चिचेचं पथ्य आहे का?" ती हसून सोडून द्यायची. एकदा मात्र माझ्या भट्टीवर आली आणि फाडकन बोलली.

"कोम्पाद्रे, तो तिच्यासाठी जात असता ना, तर मी समजून घेतलं असतं. बाई देखणी होती एके काळी. पण हा मेला चिचेसाठी जातो!"

मी पीठ मळत राहिलो. मळताना माणसाला खाली बघता येतं, हा या धंद्याचा एक फायदा आहे.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, अनाक्लेतोच्या छातीत कफ भरला. शेवटच्या आठवड्यात सातुकाने त्याच्या तोंडाशी तुतुमा धरली. त्याने मान फिरवली. डॉक्टरांनी बंद केली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही होतं. तरी ती फिरवलेली मान तिच्या डोक्यातून गेली नाही. चौथ्या दिवशी तो गेला.

आमच्याकडे मेलेला माणूस तीन वर्षं परत येतो. एक नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता येतो, दोन तारखेला बारा वाजता जातो. त्याच्यासाठी घरात मेज मांडायचं, काळं कापड, फोटो, उसाची कमान, त्याला उतरायला पावाच्या शिड्या, पावाची माणसं, आणि त्याला जे आवडायचं ते सगळं खायला-प्यायला. गावातलं कुणीही येतं, प्रार्थना म्हणतं आणि घरच्यांनी त्याला चिचा द्यायची, पाव द्यायचा. आलेल्याला नाही म्हणता येत नाही, मग तो चोर असो नाहीतर वैरी. तिसऱ्या वर्षी त्या आत्म्याला कायमचा निरोप. त्यानंतर मेज मांडलं तरी कुणी येत नाही.

पहिल्या वर्षी सातुकाने आपल्या सगळ्यात चांगल्या रांजणातली चिचा मेजावर ठेवली. तुतुमाच्या आतल्या बाजूला कोळशाने रेघ ओढली. आत्मा प्यायला की पातळी रेघेखाली उतरते, असं आमच्या म्हाताऱ्या सांगतात. दुसऱ्या दिवशी बाराला बघितलं, चिचा रेघेवरच. शेजारी ठेवलेलं पपईचं सरबत मात्र बोटभर उतरलं होतं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. आता चिचेवर माश्या बसू नयेत म्हणून तिने भरतकामाचं फडकं झाकलं होतं आणि सरबत उघडंच होतं, हे मी दोन्ही वर्षं पाहिलं. पण नवऱ्यासाठी रडणाऱ्या बाईला ऊन आणि वाफ समजावून सांगण्याइतका मी शिकलेला नाही. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत होत्या. सातुकाने ते बघितलं.

तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबर संपता संपता ती माझ्याकडे पाव सांगायला आली. शिड्या चार, सूर्य, चंद्र, घोडा, कबुतरं, आणि अनाक्लेतोच्या तोंडवळ्याचा एक मोठा पाव.

"हॅट विसरू नका," ती म्हणाली. "आणि नाक जरा जास्तच घ्या. होतं तसं."

"घेतो."

"आणि उद्या दुपारी माझ्याबरोबर चला. मला लेओकादियाकडे जायचंय."

माझा हात पिठात थांबला. "कशाला?"

"तिची चिचा आणायला. त्याच्या मेजावर ठेवायला." ती माझ्याकडे बघत नव्हती, भट्टीकडे बघत होती. "दोन वर्षं माझी ठेवली. शिवली नाही त्याने. हे शेवटचं वर्ष आहे, कोम्पाद्रे. माझ्या घरातून तो तहानलेला गेला तर मी काय करू? माझं नाक कापलं गेलं तरी चालेल. पिऊन तरी जाऊ दे."

हे ऐकून माझी पाचावर धारण बसली. का, ते आता सांगूनच टाकतो.

लेओकादिया बारा वर्षांपूर्वी झोक्यावरून पडली होती. नोव्हेंबरातल्या या संतदिनाच्या सणानंतर आमच्याकडे निलगिरीच्या उंच खांबांना झोका बांधतात. बायका झोके घेतात आणि वर टांगलेली टोपली पायाने काढतात. हे काम पोरींचं. लेओकादिया पन्नाशीची, पण कुणीतरी चिडवलं म्हणून बसली, टोपली काढलीसुद्धा, आणि खाली आली ती उजव्या खांद्यावर. हाड बसलं, हात वर जाईना. दिवसभर हंडा ढवळणं संपलं. पण चिचा करणाऱ्या बाईने हात गेला म्हणून सांगणं म्हणजे गुत्ता बंद करणं. आठवड्याने ती माझ्या भट्टीच्या मागच्या दाराशी आली. तुम्ही पावाच्या आंबवणासाठी सातुकाची चिचा घेताच, म्हणाली, जरा जास्त घ्या. आणि देवाची शपथ घातली.

मी घेऊ लागलो. दर आठवड्याला सातुकाकडून एक मोठा घडा पावासाठी म्हणून आणायचो आणि दुपारी गाव जेवून आडवं झालं की हातगाडीवर घालून मक्याच्या शेतामागून लेओकादियाच्या परसात पोचवायचो. ती आपल्या रांजणात आणखी दोन दिवस ठेवायची, त्यामुळे जरा चढायची. लोक म्हणायचे, लेओकादियाची कडक, सातुकाची गोड. लोकांची जीभ फडक्यावर चालते. सातुका मला चिडवायची, "तुमचे पाव माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त पितात, कोम्पाद्रे." मी म्हणायचो, हो. खोटं असं मी बोललो नाही. कुणी नीट विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. सातुकाच्या अंगात धुतलेला स्कर्ट, डोक्यावर पांढरी उंच हॅट, हातात रिकामा घडा. नवऱ्याच्या मयतीलाही ती इतकी ताठ चालली नव्हती. लेओकादिया दाराशी मका निवडत बसली होती, डाव्या हाताने. आम्हाला बघून उठली.

"लेओकादिया," सातुका म्हणाली, "मला घडाभर चिचा हवी. तुझी. अनाक्लेतोच्या मेजासाठी."

"माझी?"

"तुझी. त्याला तीच आवडायची. सगळ्या गावाला माहीत आहे, आता लाजायचं काय."

लेओकादियाने माझ्याकडे बघितलं. मी कोंबडीकडे बघितलं.

"संपलीय गं," लेओकादिया म्हणाली.

"वर फडकं आहे."

"उतरवायचं राहिलं."

"लेओकादिया!" सातुकाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "मी कधी तुझ्या दारात आले नाही. पुन्हा येणारही नाही. एवढी दे."

लेओकादिया आत गेली. भरायला फार वेळ लागला. मला वाटलं, पाणी घालत असेल, मनात म्हटलं, घाल बाई, पुष्कळ घाल. ती घडा घेऊन आली तेव्हा रिवाजाप्रमाणे तुतुमाही घेऊन आली. आमच्याकडे ओतणारा आधी पितो, मग दुसऱ्याला देतो, तसं नाही केलं तर तो अपमान. पण सातुकाने हात वर केला.

"आज नको. तो आल्याशिवाय मी नाही पिणार."

तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडला. वाटेत घडा मी उचलला. तो नेहमीइतकाच जड होता, तरी दोनदा खाली ठेवावा लागला.

एक तारखेला बाराच्या घंटेआधीच घर भरलं होतं. एल्बिरा शहरातून आली होती, तिने मेणबत्त्या लावल्या. उसाची कमान, कांद्याच्या पाती, जांभळी फुलं, तिखट कालवणाची थाळी, मध्ये फोटो आणि फोटोपुढे माझा पावाचा अनाक्लेतो. नाक चांगलं जमलं होतं. प्रार्थना म्हणायला म्हातारा इलारिओन दारातच गुडघे टेकून तयार होता. खोऱ्यातल्या सगळ्या मेलेल्यांची नावं त्याला पाठ, आणि सगळ्या घरांच्या चिचेची चवही.

"फडकं नका घालू आज तुतुमावर," मी सातुकाला हळूच म्हटलं.

"का?"

"माश्या बसू देत. तिसरं वर्ष आहे."

तिने फडकं घडी करून बाजूला ठेवलं. घंटा झाली. सगळे उठले. सातुकाने लेओकादियाकडून भरून आणलेला घडा वाकवून तुतुमा भरली. घड्यात कुणाची चिचा आहे ते लोकांना ठाऊक नव्हतं, पण तिने स्वतःच सांगितलं, मोठ्याने, "ही लेओकादिया मोन्तान्योच्या घरची आहे. त्याला आवडायची ती." एल्बिराने मान खाली घातली. चारचौघांत एवढं बोलायला त्या बाईला किती जड गेलं असेल, ते मी बघत होतो आणि मला माझी लाज वाटली. पळून जावंसं वाटलं, पण दार इलारिओनने अडवलं होतं.

तिने चार थेंब जमिनीवर सांडले, धरतीसाठी. "ये अनाक्लेतो," म्हणाली. मग, ओतणारा आधी पितो म्हणून, तिने तुतुमा तोंडाला लावली.

घोट घेतला आणि थांबली.

तोंडात तसाच धरून ती कितीतरी वेळ उभी राहिली. लोकांना वाटलं, रडू आवरतेय. मग गिळला. गिळल्यावर जिभेच्या मागे जे राहतं, ते राहिलं असणार, कारण तिने डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले. गर्दीला वाटलं, प्रार्थना. ती प्रार्थनाच होती. हंड्यापाशी म्हणते तीच. तीन वेळा. मग तिने डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणीतरी आपलं घर आपल्यालाच दाखवावं आणि माणसाला ते ओळखता येऊ नये, तसं बघत होती.

तिने तुतुमा पुन्हा काठोकाठ भरली, कोळशाने रेघ ओढली, फोटोपुढे ठेवली. मग दुसऱ्या तुतुमाने आलेल्यांना द्यायला लागली. आधी इलारिओनला. तो प्यायला, जीभ टाळूला लावून बघितली आणि भुवया वर नेल्या. पण म्हातारा शहाणा, त्याने दुसरी मागितली आणि गुडघ्यावर बसून "प्रार्थना रुजू होवो!" म्हणून ओरडला. पुढे दोन तास ती वाढत होती, प्रत्येकाला, वाकून, दोन्ही हातांनी.

चारच्या सुमाराला गर्दी पांगली तेव्हा तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. स्वतः मक्याच्या पोत्यावर बसली.

"कधीपासून?"

मी हॅट हातात घेतली. "लेओकादिया झोक्यावरून पडली तेव्हापासून."

"तुमचे पाव."

"हो. माझे पाव."

ती बोटांवर मोजायला लागली. सण नोव्हेंबरात, झोका त्याच्यानंतर. "आणि त्या नाताळाला त्याने पहिल्यांदा कौतुक केलं," ती हळू म्हणाली. "आधी जायचा तेव्हा कधी काही बोलला नाही. त्या नाताळापासून." मग एकदम वर बघून, "त्याला माहीत होतं?"

या प्रश्नाची मला भीती होती. उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी अनाक्लेतोबरोबर पुरलं आहे असं समजत होतो.

"होतं," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं. पहिल्याच महिन्यात एका दुपारी शेतामागच्या पाटात माझी हातगाडी रुतली होती. अनाक्लेतो कुठून तरी आला. घड्यावरचं झाकण काढलं, बोट बुडवलं, चाटलं. झाकण परत नीट बसवलं. "तुझे पाव फार पितात, कोम्पाद्रे," एवढंच म्हणाला आणि खांदा लावून गाडी पाटाबाहेर काढून दिली. त्यानंतर जन्मात त्याने तो विषय काढला नाही. पाच वाजता हॅट घालून जायचा, जिथे कुणी त्याला लाकडं आण म्हणत नाही तिथे खुर्चीवर बसायचा, बायकोच्या हातची चिचा प्यायचा, आणि घरी येऊन तिला सांगायचा, की काय उतरली होती.

सातुका ऐकत होती. मग हसायला लागली. मग रडायला लागली. मधे काही थांबलं नाही, एकातून दुसरं झालं.

"गाढव," ती म्हणाली. "गाढव, गाढव. नऊ वर्षं मला जाळलं. माझ्या तोंडावर बोलला असता तर जीभ झिजली असती का याची?"

"त्याला बोलता यायचं नाही, कोमाद्रे."

"तुम्हाला तर येत होतं ना?"

पुढचा अर्धा तास तिने मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. ते सगळं खरं होतं. कोम्पाद्रे असल्यामुळे उठून जाताही येत नव्हतं. शेवटी तिने शालीने तोंड पुसलं आणि विचारलं, "तिचा हात अजून वर जात नाही?"

"छातीपर्यंत जातो. त्याच्यावर नाही."

"हं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला लेओकादिया आली. मला वाटलं नव्हतं, येईल म्हणून. काळी शाल डोक्यावरून घेतलेली, चेहरा पिठासारखा. आल्या पावली फोटोपुढे गुडघे टेकले आणि प्रार्थना म्हणायला लागली. अर्ध्यात विसरली, पुन्हा पहिल्यापासून म्हटली. खोलीत बारा-पंधरा माणसं होती. सगळ्यांना वाटत होतं, आता काहीतरी होणार. कालचं बोलणं गावभर झालं होतं, की सातुकाने मेजावर वैरिणीची चिचा ठेवली.

प्रार्थना संपली. आलेल्याला प्यायला द्यावंच लागतं. सातुका घड्यापाशी गेली, त्याच घड्यापाशी. तुतुमा भरली, थेंब सांडले, स्वतः प्यायली, सावकाश, सगळी. पुन्हा भरली आणि लेओकादियापुढे धरली.

"घे, लेओकादिया," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तुझ्या घरची आहे. चांगली उतरलीय."

लेओकादियाने डाव्या हाताने तुतुमा घेतली. उजवा खाली धरायला लागतो, तो अर्ध्यावर येऊन थांबला. तेव्हा सातुकाने आपला हात खाली लावला. लेओकादिया प्यायली. अर्धी हनुवटीवरून शालीवर गेली, कारण ती तोपर्यंत रडायला लागली होती.

"त्याला फार आवडायची," लेओकादिया कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे मला," सातुका म्हणाली. "रोज येऊन सांगायचा."

लोकांना यात काही विशेष दिसलं नाही. दोन म्हाताऱ्यांचा समेट झाला, असं गाव आजही सांगतं, आणि लेओकादियाची चिचा सातुकाच्या मेजावर मानाने बसली म्हणून तिचं गिऱ्हाईक वाढलं. सातुका लेओकादियाला पाव देत होती, घोडा आणि दोन कबुतरं. मी भिंतीशी उभा होतो. माझ्या बाजूने जाताना ती ओठ न हलवता म्हणाली, "गुरुवारपासून घडा पुढच्या रस्त्याने न्यायचा. शेतातून चोरासारखं नाही. कुणी विचारलं तर सांगा, लेओकादियाचे पाव आहेत."

बाराची घंटा झाली. मेज घरच्यांनी मोडायचं नसतं, घराबाहेरच्याने मोडायचं, म्हणून ते माझ्याकडे होतं. आधी शिड्या काढल्या, मग ऊस, मग पावाचा अनाक्लेतो एल्बिराच्या हातात दिला. म्हाताऱ्या पुढे सरकल्या. तुतुमा उरली होती. मी ती उचलली आणि रेघ बघायला खिडकीकडे वळलो.

सातुकाने माझ्या हातातून ती काढून घेतली. आत बघितलंही नाही. दारात गेली आणि सगळी चिचा उंबऱ्याबाहेर मातीवर ओतली.

"उतरली होती का गं?" एका म्हातारीने विचारलं.

सातुका रिकामी तुतुमा शालीने पुसत होती.

"बघायचं काय त्यात," ती म्हणाली. "नऊ वर्षं रोज पीतच होता तो."